पैनगंगेपलीकडचं कापड

“बाईंना चेहरा जरा पाडायला सांगा,” फोटोग्राफर इंग्रजीत म्हणाला.

लीलाबाई घरातल्या कापसाच्या गंजीपाशी उभी होती. गंज पार छताला टेकली होती, कारण भाव पडल्यापासून कोणी विकायला नेत नव्हतं. त्या वर्षी गावात कर्जापायी माणसांनी जीव दिले होते. यवतमाळात बाहेरचं कोणी आलं, की ते दुःखच पाहायला यायचं. हा तर थेट इटलीहून आला होता.

शगुफ्ता पांढरकवड्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. पाहुण्याला दुभाषी हवा होता म्हणून ती सोबत आली होती. लीलाबाईची मुलगी निकिता तिच्याच वर्गात होती. त्या ओळखीवर या घराचं दार उघडलं होतं.

तिने अवघडत निरोप सांगितला. लीलाबाईने तो शांतपणे ऐकला.

“दुःख हाये, मॅडम. पण कापूस माह्या हातचा हाये. त्याच्यापाशी तोंड पाडून काहून उभी राहू?”

पाहुणा अडून बसला. पीडित बाई दिसली नाही तर फोटो कोणी छापणार नाही, असं त्याचं म्हणणं. शगुफ्ताने ते मराठीत सांगितलंच नाही. तिने मूठभर कापूस उचलून त्याच्या तळहातावर ठेवला आणि वर्गात सांगायची तेच त्याला सांगू लागली. सातशे वर्षांपूर्वी तुमच्याच देशाचा एक व्यापारी पैनगंगेपलीकडच्या तेलंग मुलखाबद्दल लिहून गेलाय. तिथलं सुती कापड इतकं तलम, की कोळ्याचं जाळं वाटावं. जगातल्या कुठल्याही राजाराणीने ते आनंदाने अंगावर घ्यावं. बोलता बोलता तिची मान आपोआप ताठ झाली. पाहुणा बोटांत कापूस फिरवत ऐकत राहिला.

एवढा वेळ तुम्ही त्याला काय सांगत होता, असं लीलाबाईने विचारलं. शगुफ्ताने ती कापडाची गोष्ट मराठीत सांगितली. लीलाबाई खुलली. कापूस इकडूनच गेला असंल, असं म्हणून हसलीसुद्धा. मग तिने विचारलं, ते कापड विणणाऱ्याचं नाव काय होतं?

नाव कुठेच नाही, शगुफ्ता म्हणाली. त्या व्यापाऱ्याने फक्त कापडाबद्दल लिहिलंय.

गंजीवरून लीलाबाईने एकदा हात फिरवला. मग डोक्यावरचा पदर नीट केला, दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि त्या परदेशी माणसाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

“याले सांगा, फोटो मंग काढ. पयले माहं नाव लिही.”

शगुफ्ताने ते शब्दाला शब्द सांगितलं. फोटोग्राफरने कॅमेरा खाटेवर ठेवला आणि लीलाबाईच्या नावाचं स्पेलिंग विचारलं.