सुके जवळे आणि शब्दकोश

"पुस्तक कुठलंही असू दे, शुक्रवारी तुझ्या टेबलावर," दयानंद म्हणाला. "गल्फमध्ये मी काय काय आणवलंय तुला माहिती नाही. पाटा-वरवंटा आणवलाय मी."

हे खरं होतं. दयानंद ओमानमधल्या सोहारच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि त्याच्या स्वयंपाकघरात तो पाटा अजून होता. त्याच्यावर मिक्सर ठेवलेला होता.

विशाखा त्याची मुलगी. मुंबईच्या एका कॉलेजातून ऑनलाइन भाषाविज्ञानाचं एमए करत होती. देवगडकडच्या मालवणी बोलण्यावर तिचं प्रोजेक्ट रविवारी द्यायचं होतं, नाहीतर सेमिस्टर वाया. त्यासाठी एक जुना कोश हवा होता. नेटवर त्याचं नुसतं कव्हर दिसायचं, आत काही नाही.

"बाबा, तू तर देवगडचाच ना? तुला येत असेल की. आय मीन, थोडं तरी."

"विसरलो. साफ विसरलो," दयानंद अभिमानाने म्हणाला. सोनलशी लग्न होऊन पुण्याचं सासर मिळालं, त्या दिवसापासून त्याच्या तोंडून 'माका' निघालं नव्हतं. घरात फक्त शुद्ध मराठी, हा नियम त्यानेच केलेला. पोरीचं मराठी बिघडायला नको. पोरगी मग इंग्रजीतच बोलायला लागली, ते वेगळं.

दयानंदाने गाववाल्यांच्या ग्रुपवर नेहमीचा मेसेज टाकला, 'कोणी येतंय का?' आणि सकलैन सापडला. सकलैन विजयदुर्गचा, इब्रीच्या बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान. तो गुरुवारी गावाहून येणार होता. दयानंदाच्या भावाने देवगडच्या एका रिटायर मास्तरांकडून कोश मिळवला आणि सकलैनच्या बॅगेत स्वतःच्या हाताने ठेवला.

शुक्रवारी सकाळी दयानंद गाडी काढून इब्रीला पोचला. सकलैनने त्याला गालिच्यावर बसवलं, चहा दिला, खजूर दिले, आणि मग मान खाली घातली.

"भाऊ, काउंटरवर वजन भरला जास्त. एक तर सुके जवळे, नायतर पुस्तक. तूच सांग, मी काय करू?"

पुस्तक एअरपोर्टवरूनच, सोडायला आलेल्या भाच्याबरोबर परत विजयदुर्गला गेलं होतं.

दयानंदाने विचार केला. "जवळे कोणी दिले?"

"आयेन."

"मग बरोबर केलंस."

त्याने विशाखाला फोन लावला.  ती म्हणाली, "ओके बाबा. मग एक कर. सकलैनचाचांना बोलतं कर. काहीही बोलू देत, गावाचं, मासळीचं. फोनवर रेकॉर्ड कर. तू मध्ये बोलू नकोस, प्लीज."

"एवढंच ना? सोपं आहे," दयानंद म्हणाला. त्याने रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन जवळ्यांच्या पिशवीला टेकवून ठेवला.

संध्याकाळी तो घरी आला तो निम्मे जवळे घेऊन. विशाखाने हेडफोन लावले. पाच मिनिटांनी काढले, वायर खेचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं लावलं.

अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये सकलैन फक्त "होय तर" म्हणत होता. बाकी सगळा दयानंद होता.

"...माझ्या चेडवाक भाषेचो अभ्यास करूचो आसा. माका त्यातला काय एक कळत नाय, सकलैन. तां घरात माझ्याशी दोन शब्द बोलता, ते पण इंग्रजीत. मी म्हटलंय, निदान पुस्तक तरी आणून देऊया. तां पण तुझ्या जवळ्यांनी खाल्लां."

"होय तर."

"तो सकलैन आहे," दयानंद म्हणाला.

"हे असं तू झोपेत बोलतोस," सोनल म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटायचं, शिव्या देतोस."

 विशाखाने रेकॉर्डिंग मागे घेतलं आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. डोळे पुसून तिने विचारलं, "बाबा, चेडू म्हणजे मी?"

"तू नाय तर कोण?" दयानंद म्हणाला आणि घाईघाईने बाथरूममध्ये गेला.

प्रोजेक्ट रविवारी गेलं. कोशाशिवाय, पण त्या रेकॉर्डिंगसकट गेलं. बुधवारी मुंबईहून मॅडमचा फोन आला. इतकं अस्सल बोलणं त्यांनी कुठल्याच पुस्तकात पाहिलं नव्हतं. अजून तासभराचं रेकॉर्डिंग मिळालं तर ते कॉलेजच्या संग्रहात ठेवणार होत्या, नावानिशी.

पुढच्या शुक्रवारी दयानंदाने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि विशाखाच्या नव्या माईकसमोर बसला.

"सुके जवळे हा कोकणातील एक अत्यंत पौष्टिक पदार्थ आहे," तो म्हणाला.

"बाबा, तसं नाही. सकलैनचाचांशी बोलतोस तसं."

"तसंच तर बोलतोय. त्यांचे सेवन प्रामुख्याने पावसाळ्यात केले जाते."

शेवटी विशाखाने सकलैनला फोन लावून स्पीकरवर घेतलं आणि रेकॉर्डिंग चालू असल्याचं सांगितलं. सकलैनने घसा साफ केला आणि तासभर शुद्ध उर्दूत बोलला.