मोठं कार्ड

गेमच्या जुन्या मेमरी कार्डावर जागा उरली नव्हती, म्हणून बापाने मोठं कार्ड आणलं. लेक मानगुटीवर बसल्यासारखी त्याच्या मागे उभी होती.

"बाबा, आईचा गेम पुसलास तर बघ हं!"

"अगं ठके, इकडचं नुसतं तिकडे नेतोय. आपण घर बदललं ना, तसं."

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. गेममधली तिची बाहुली तिने सोडली तशीच, हातात झारी घेऊन वाफ्यापाशी उभी असायची. लेक शाळेतून आली की तिला बघायची, पण बटणाला हात लावायची नाही.

सगळं उतरवून झाल्यावर त्याने नवं कार्ड खाचेत सरकवलं आणि गेम सुरू केला. वाफ्यापाशी कुणीच नव्हतं. झारी आडवी पडली होती.

"बाबा, आई कुठे गेली?"

काहीतरी राहून गेलं असणार, अशी तो मनाची समजूत घालत होता. तेवढ्यात त्याला बाहुलीचं घर दिसलं. तिच्या एका खोलीच्या घराला दुसरी खोली निघाली होती. आत पाठमोरी बाहुली एका छोट्या पलंगावर चादर घालत होती. उशाशी अक्षरं होती: ठकी.

त्याने घाईघाईने कार्डच उपसून काढलं. चित्र गेलं नाही.

बाहुलीने चादरीची कड उचलून धरली आणि ती वाट बघत राहिली.

"बाबा," भर दुपारी लेक जांभई देत म्हणाली, "मला खूप झोप येतेय."