रडू द्या त्याले

हस्तीमल शेठ पाहुण्यांना घेऊन पाळणाघरात शिरले तेव्हा सगळी पोरं निजलेली होती.

"बघा, आहे का कुठे आवाज?" शेठ हळूच म्हणाले.

धुळ्यातल्या दुसऱ्या दोन कापसाच्या जिनांचे मालक आणि त्यांच्या बायका दारातच थबकल्या. परवापर्यंत इथे सरकीची पोती होती. आता भिंतींना चुना दिलेला, आढ्याला नवे पाळणे टांगलेले, कोपऱ्यात पाण्याचा माठ. शेठ सांगत होते, "हंगामात बायका मिळत नाहीत. मिळाल्या तरी घडीघडी पोराकडे पळतात आणि यंत्र रिकामं फिरतं. आता पोराचीही सोय झाली अन् आपलीही."

माठाशेजारी कुंदाबाई पदर सावरून उभी होती. पोरं सांभाळायला तिचं नाव बन्सीलाल मुनीमांनी सुचवलं होतं. "तिच्या कडेवर काही नाही. तिचं लक्ष इथेच राहील," असं ते शेठना तिच्यासमोरच म्हणाले होते. म्हणाले ते खरंच होतं. गेल्या हंगामात तिच्या कडेवर मुलगा होता. आवारातल्या निंबाला झोळी बांधून, त्याला मोहरीएवढी अफू चाटवून ती यंत्रावर कापूस सारायला जायची. सगळ्याच बायका तसं करायच्या. एका दुपारी ती पाजायला गेली तर तो उठलाच नाही. चार दिवसांनी ती पुन्हा यंत्रावर उभी होती. तेव्हा शेठ गावी गेलेले होते. परत आल्यावर त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

चहा आला. आणणाऱ्या गड्याचा पाय उंबऱ्याला अडखळला आणि एक कपबशी फरशीवर खळकन फुटली. पोरं दचकली. दोघांनी भोकाड पसरलं, एक पाळण्यात उठून बसलं. कुंदाबाई एकेकाला थोपटत निघाली आणि खिडकीजवळच्या पाळण्यापाशी थांबली.

मेहरुनचा गनी हललाही नव्हता.

ती वाकली. श्वास होता, पण एक आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. ओठांवर निळी झाक होती. तिने पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

कुंदाबाईने पोराला उचललं आणि तळपायावर चापट मारली. मग दुसरी, जोरात. माठातलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं. "उठ रे! उठ ना रे मन्हा भाऊ!" त्याची मान खांद्यावर कलंडली तशी तिने मांडीला चिमटा काढला.

"अगं, मारतेस काय लेकराला!" एक पाहुणी ओरडली.

"कुंदाबाई!" शेठचा आवाज चढला. "निजलेलं पोर कशाला उठवतेस? वेड लागलं का तुला?"

"तो निजेल नही शे, शेठ." तिचा हात थांबला नाही. "त्याले अफू देयेल शे."

शेठ पुढे आले, पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि मागे वळले.

"बन्सीलाल, टांगा काढा. डॉक्टरांना घेऊन या."

बन्सीलाल कुंदाबाईकडे बघत राहिले होते. शेठना दुसऱ्यांदा ओरडावं लागलं, तेव्हा ते पळाले.

कुंदाबाई पोराला घेऊन ओसरीत येरझारा घालू लागली. मान टेकली की ती उचलायची, डोळा मिटला की पाणी मारायची. बऱ्याच वेळाने त्याच्या घशातून बारीकसा आवाज निघाला. मग तो तोंड वेडंवाकडं करून रडायला लागला. मघाचीच पाहुणी पुढे आली. "दे इकडे, गप्प करते त्याला."

"रडू द्या त्याले, बाई," कुंदाबाई म्हणाली. "रडू द्या."

डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, औषध दिलं. धोका टळला, पण संध्याकाळपर्यंत पोराला अजिबात झोपू देऊ नका, असं बजावून त्याच्याजवळ बसून राहिले. पाहुणे चहा न घेताच निघून गेले होते.

मेहरुनला आतून बोलावून आणलं. ती याच हंगामात कामाला लागली होती. केसांवर, भुवयांवर रुई तशीच, दोन्ही हात पुढे धरून ती आली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"पाळणाघर असताना अफू कशाला दिलीस?" शेठनी विचारलं.

"रोएगा तो रखेंगे नहीं, ऐसा लगा मेरे को," ती म्हणाली. "घर में कोई नहीं है, शेठजी."

शेठनी फुटलेल्या कपबशीचा एक मोठा तुकडा वाकून उचलला आणि तो हातात घेऊनच बाहेर गेले.

मेहरुनने रडत रडतच पोराला पदराखाली घेतलं. पिता पिता त्याचे डोळे मिटू लागले की शेजारी बसलेली कुंदाबाई त्याच्या कानाच्या पाळीला बोट लावायची. तो चिडून हात झटकायचा आणि पुन्हा प्यायला लागायचा. मेहरुनचं रडं हळूहळू ओसरलं. तिने नाक पुसलं आणि कुंदाबाईकडे पाहिलं.

"तुमको बच्चों का बहुत समझता है," ती म्हणाली. "तुम्हारा कित्ता बडा है?"

कुंदाबाईने गनीच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"याना एवढाच," ती म्हणाली.