एका तासाला एक चूक

टीसन सर संचयबिंदूची व्याख्या लिहून फळ्यापासून बाजूला होतात न होतात, तोच तिसऱ्या रांगेतून हात वर झाला.

"सर, सापडली!"

विनिपेगच्या त्या कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक होतं. टीसन सर दर तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम करत. एकच, दुसरी कधी नाही. पकडेल त्याला पेपरमिंटची गोळी. त्या एका गोळीपायी पोरं डोळ्यांत तेल घालून बसत.

"बोला, उमाली बाई," सर म्हणाले.

"तुम्ही लिहिलंय, बिंदूभोवती कितीही अरुंद पट्टा घ्या, त्यात संचातला एक तरी बिंदू सापडलाच, तर तो संचयबिंदू. मग पूर्णांकांचा संच घ्या ना! तीनभोवती पट्टा घेतला की त्यात तीन स्वतः बसलेलाच आहे. म्हणजे घरात मी एकटी, आणि म्हणायचं काय, तर घर माणसांनी भरलंय. 'तो स्वतः सोडून दुसरा' हे राहिलं की, सर."

वर्ग हसला. सरही हसले. त्यांनी नेम धरून गोळी फेकली आणि घाईने फळ्याकडे तोंड केलं.

आजची चूक ही नव्हतीच. आजची चूक त्यांच्या हातातल्या कागदावर चार ओळी खाली होती. छत्तीस वर्षं शिकवलेल्या व्याख्येतले चार शब्द हातून गळाले होते, आणि गळाले हे त्यांना कळलंही नव्हतं. नेमकी आजच मागच्या बाकावर मार्लीन फेर बसली होती. एके काळची त्यांची विद्यार्थिनी, आता विभागप्रमुख. गेल्या महिन्यात त्यांनी एकच धडा सलग दोन दिवस शिकवला होता. पुढच्या वर्षी त्यांना वर्ग द्यायचा की नाही, ते मार्लीनच्या आजच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

राहिलेले शब्द घालून ते पुढे लिहीत गेले. एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, असा शून्याकडे सरकत जाणारा संच. मग कागदावर होती तशीच ओळ : 'शून्य या संचात नाही, म्हणून शून्य त्याचा संचयबिंदू नाही.'

ते थांबले. एरवी इथे दहा हात वर आले असते. आज एकही नाही. चूक सापडली होती, गोळी देऊन झाली होती. आता सर लिहितील ते बरोबरच असणार. सगळ्या माना खाली, सगळी पेनं चालू. उमालीसुद्धा गोळी चघळत ती ओळ उतरवून घेत होती.

गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण मग ज्याच्यासाठी हा अख्खा तास होता, तेच ही पोरं उलटं शिकून घरी जाणार. आणि आणखी एक चूक आहे म्हणावं, तर टीसन एका तासाला मुद्दाम दोन चुका करत नाहीत, हे मार्लीनला पक्कं माहीत; पहिली खरीच हातून झाली, हे तिला लगेच कळणार. उद्या सांगू, असंही मनात येऊन गेलं. पण उद्या आपल्याला आठवेल, याचा भरवसा त्यांना उरला नव्हता.

"पेनं खाली ठेवा," ते म्हणाले. "शेवटची ओळ चूक आहे."

"अहो सर, आजची तर सापडली ना?" खिडकीजवळचा डेल म्हणाला.

"ती माझी होती, डेल. ही तुमच्यासाठी होती."

कुणी हसलं नाही. मग उमालीच हळूहळू बोलायला लागली. "पट्टा कितीही अरुंद केला, तरी पुढचा कुठला तरी अपूर्णांक त्यात येतोच... म्हणजे शून्य संचयबिंदू आहे, सर! तो स्वतः संचात असायलाच हवा, असं कुठं म्हटलंय?"

"कुठंच नाही," सर म्हणाले. तिचा चेहरा उजळला तसं त्यांनाही बरं वाटलं, मागच्या बाकाची धास्ती असूनही.

वर्ग रिकामा झाल्यावर मार्लीन कागद घेऊन पुढे आली.

"मी तर शेरा आधीच लिहून टाकला होता, सर. 'मुद्दाम केलेली चूक मुलांनी लगेच पकडली. वर्गावर उत्तम पकड.' खाली सहीसुद्धा केली."

"मग खोड ते," टीसन म्हणाले. "खोटं आहे."

मार्लीनने पेन उघडलं, पण कागदावर टेकवलं नाही.

"उमाली बोलेपर्यंत ती पहिली चूक मलाही दिसली नव्हती, सर," ती म्हणाली. "मग कुणाचं नाव खोडू? तुमचं, की खाली सही केलीय ते माझं?"