फाटकातला रणगाडा

"'फुकट गेम आहे म्हणून काहीही खपवणार काय?' एक स्टार," पूर्वीने स्क्रीनवरचं वाचून दाखवलं.

"पुढचं?" शेजारून गौतमने विचारलं. रणगाड्यांचा तो गेम बनवणाऱ्या टीमचा तो प्रमुख.

"'मॅप झकास. पण आपल्याच टीमचा एक रणगाडा गिरणीच्या फाटकात आडवा लावलेला असतो. गोळा उडवत नाही. हॉर्न मारा, धक्का मारा, हलत नाही. शत्रू मागच्या बाजूने आत, आम्ही बाहेर. रोज हरतोय.' हाही एक स्टार."

"असले अभिप्राय वाढत चाललेत, पूर्वी. शुक्रवारपर्यंत त्या प्लेयरला बॅन कर. नाहीतर मॅपच काढायचा, असं वरून आलंय. सॉरी यार."

मॅप पूर्वीने बनवला होता. परळची जुनी कापड गिरणी. तिथे पहाट कधी सरत नसे. कापसाची तुसं हवेत तरंगत यायची आणि रणगाड्यांच्या पाठीवर अलगद बसायची. मधूनच लांबून भोंगा वाजायचा. तेवढ्यापुरत्या तोफाही झोपेत बोलल्यासारख्या वाटायच्या. कुणीतरी अभिप्रायात लिहिलं होतं, 'मी इथे लढत नाही. नुसता फिरतो. बरं वाटतं.'

ही पहाट तिला आबांनी दिली होती. आबा म्हणजे बाबुराव, तिचे आजोबा. काळाचौकीच्या चाळीत राहणारे, तरुणपणी गिरणीत विणकर. भोंगा, सांचे म्हणजे माग, तेलाचा वास, दुपारच्या सुट्टीतली भजनं, सगळं ते रंगवून सांगत. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली आणि त्यानंतरची वर्षं कॉटन ग्रीनच्या गोदामात पाठीवर गासड्या वाहण्यात गेली. ते मात्र सांगत नसत.

आणि फाटकातला रणगाडाही आबांचाच होता. गिरणी त्यांना पुन्हा दिसावी म्हणून पूर्वीनेच घरच्या कॉम्प्युटरवर गेम घालून दिला होता.

आबांना बॅन करायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर गिरणीचं दार दुसऱ्यांदा लावायचं. ते तिच्याने होणार नव्हतं. मॅप काढला तरी तेच.

तिने लढायांचं रेकॉर्डिंग लावून वरून पाहिलं. आबांचा निळा रणगाडा सगळ्यांच्या आधी फाटकात पोचायचा, वळायचा आणि रस्त्याकडे तोंड करून थांबायचा. मागे धुक्यात गिरणीची चिमणी. कित्येक वर्षांनी माहेरी आलेली बाई उंबऱ्यात घुटमळावी तसा तो रणगाडा. धीर होत नसेल, तिला वाटलं. किंवा बोटं साथ देत नसतील.

तिने फाटक चांगलं ऐसपैस केलं. आत जायचा रस्ता सरळ केला. सांचाखात्यात दिवे लावले, सांच्यांची धडधड घातली, ती फाटकापर्यंत ऐकू येईल अशी.

अभिप्राय आले. 'फाटक मोठं केलं, तर तो आता बरोब्बर मध्ये उभा राहतो. कमाल आहे राव!'

शुक्रवारी दुपारी ती ऑफिसातून सरळ चाळीत गेली. दारातच आजी भेटली.

"इलंस? बघ तुझ्या आबाक. लढाईर गेलेत. चहा निवलो, पण एक शत्रू मरत नाय."

आबा खिडकीपाशी ताठ बसले होते. स्क्रीनवर तुसं भुरभुरत होती. निळा रणगाडा फाटकात उभा होता आणि टीममधले दोन रणगाडे त्याला आळीपाळीने ढकलत होते. आबा प्रत्येक धक्क्याला दात आवळत होते.

पूर्वी त्यांच्या खुर्चीला टेकली.

"आबा, तुला आत जायला जमत नाही काय? मी शिकवते."

"जमता गो. न जमाक काय झाला?"

"मग चल ना. सांचाखात्यात दिवे लावलेत तुझ्यासाठी."

"बघितलंय. बरे दिसतत." त्यांनी मान वळवली नाही.

"आज आत गेला नाहीस तर ते तुला गेममधून काढतील. नाहीतर गिरणीच काढून टाकतील."

"काढांदे."

तिने त्यांचा हात धरून पुढे जायच्या बटणावर ठेवला. आबांनी तो शांतपणे उचलून घेतला. मागून तिसरा रणगाडा आला आणि हॉर्न वाजवू लागला.

"अरे, ती आपलीच माणसं आहेत आबा! आपल्याच टीमची!"

"आपलीच माणसां म्हणान तर अडवतंय."

"पण कशाला?"

आबांनी पहिल्यांदाच स्क्रीनवरची नजर काढली आणि तिच्याकडे नवलाने पाहिलं.

"संप मिटलो असा कोणी सांगल्यान तुका?"