डावीकडे तीस

उजेडाचं वळण मोजणाऱ्या यंत्राच्या भिंगात पिवळ्या वर्तुळाचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा किंचित गडद होता. उस्ताद बाबिकरांनी चकती केसभर फिरवली. दोन्ही अर्धे एकसारखे झाले. त्यांनी आकडा वाचला, डोळे चोळले, पुन्हा वाचला. कागदावर हिशोब केला, तोही दोनदा.

"डावीकडे तीस अंश," ते म्हणाले. "गेल्या महिन्यातही एवढंच आल्याचं आठवतं."

"मग माझी पोती बंदरावर का अडलीत?" हाज्जा कल्तूमाने विचारलं. पहाटेची लॉरी पकडून ती गावाहून सुदानमधल्या अल-उबैय्यिद शहरात आली होती आणि प्रयोगशाळेच्या एकुलत्या एक स्टुलावर ठाण मांडून बसली होती. "माझी झाडं काय नवऱ्यासारखी निघाली? पाठ वळली की फिरली?"

इख्लासने हसू दाबलं. सात वर्षं ती उस्तादांच्या हाताखाली काम करत होती आणि आज त्यांना हसण्याची इच्छा नाही, हे तिला दिसत होतं.

पोती साठ होती. कल्तूमाच्या गटातल्या चाळीस बायकांनी झाडांना खाचा पाडून, काट्यांतून वेचलेला डिंक. औषधाच्या गोळ्या बांधायला डिंक लागतो, आणि तो हशाबच्याच झाडाचा लागतो. हशाबच्या डिंकाचं पाणी उजेडाला डावीकडे वळवतं, तल्ह्याच्या झाडाच्या हलक्या डिंकाचं उजवीकडे. दलालाला वगळून बायकांनी पहिल्यांदाच समुद्रापलीकडच्या कारखान्याला थेट माल विकला होता. आणि कारखान्याचं पत्र आलं होतं: तुमच्याच प्रयोगशाळेच्या दाखल्यावर उजवीकडे तीस आहे, हा भेसळीचा माल आम्ही घेणार नाही.

दाखल्यावर सही बाबिकरांची होती.

दोन वर्षांपासून संध्याकाळी ते पिवळं वर्तुळ कधीकधी कडेला विरघळल्यासारखं दिसे. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायको विचारायची, "नोकरी कधी सोडणार?" ते म्हणायचे, "पुढच्या हंगामात, इन्शाल्ला." असे दोन हंगाम गेले होते. आता त्यांच्या मनात एकच प्रश्न होता. तेव्हा डोळ्यांनी दगा दिला असेल, तर आणखी किती दाखले चुकलेत?

"तू बघ," ते इख्लासला म्हणाले. "माझा कागद बघू नकोस."

इख्लासने काचेची नळी धुतली, नवं द्रावण भरलं, भिंगाला डोळा लावला. इख्लासने हिशोब केला आणि कागद पुढे सरकवला. डावीकडे तीस.

"मग मी लिहिलं काय?" बाबिकर हळूच म्हणाले.

इख्लासने फाइलमधून दाखल्याची प्रत काढली. पाहिली. कागद लांब धरला, जवळ आणला. मग अंगाभोवती गुंडाळलेल्या थोबचा पदर तोंडावर घेऊन ती हसायला लागली. तिचं हसू थांबेचना.

"अगं बोल की! माझा जीव टांगणीला लागलाय," कल्तूमा ओरडली.

"उस्ताद, डावं वळण दाखवणारी वजाची रेघ तुम्ही कुठे मारलीत?"

"जिथे मारतात तिथे. आकड्याच्या उजवीकडे."

"उजवीकडून कोण वाचतं? आपण, अरबीत! हा फॉर्म त्यांचा आहे, डावीकडून वाचायचा. त्यांना आधी तीस दिसलं. पुढची रेघ त्यांना मोकळ्या जागेत मारलेली आडवी रेघ वाटली असणार."

बाबिकरांनी प्रत हातात घेतली. आकडा बरोबर होता. वाचन बरोबर होतं. फक्त हाताने चाळीस वर्षांच्या सवयीने अरबी पद्धतीने लिहिलं होतं. ते खुर्चीत टेकले आणि इतक्या मोठ्याने हसले, की शेजारचा चहावाला डोकावून गेला.

इख्लासने बंदरावर फोन लावला. कारखान्याचा तिथला माणूसही हसला. दुरुस्त दाखला दुपारपर्यंत पाठवा, माल आजच जहाजावर चढवतो, म्हणाला. कल्तूमाने जीभ हलवत लग्नघरासारखा असा लांब आनंदाचा आवाज काढला, की कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या.

इख्लासने कोरा फॉर्म पुढे ठेवला. "रेघ डावीकडे, उस्ताद."

बाबिकरांनी तो तिच्याकडे परत सरकवला. "तू लिही. सहीही तूच कर."

"सही प्रमुखाची लागते."

"एका रेघेवरून रुसलात होय?" कल्तूमाने टोमणा मारला. "एवढे मोठे झालात, पण मूलच राहिलात!"

"रुसलो नाही, हाज्जा. आज डोळे चुकले असते, तर मी या खुर्चीला चिकटून बसलो असतो. चुकले नाहीत हे दाखवत राहिलो असतो मरेपर्यंत." त्यांनी खिशातलं पेन काढून इख्लासच्या हातात दिलं. "पण डोळे शाबूत आहेत. म्हणून आता जाता येतं. आजपासून प्रमुख तू."