लाल फडक्यातला मोती

अमेरिकेचा बाजार कोसळला, मोत्यांना कुणी विचारेना. तेव्हा मोत्यांच्या धंद्यासाठी कतारमधल्या दोह्यात जाऊन अडकलेल्या दाऊदने आपला एकुलता एक टपोरा मोती लाल फडक्यात बांधून पेटीत घातला आणि श्रीवर्धनला बायकोला कळवले, ‘रिकाम्या हाताने कसा येऊ? भाव आला की येतो.’

मंदी सरली, युद्धही सरले. दोह्यात तेलाचे दिवस आले, तेव्हा कुठे जासिम दलालाने अमेरिकन गिऱ्हाईक आणले. दाऊदने फडके सोडले. मोती शिळ्या चांदण्यासारखा पिवळा पडला होता. गिऱ्हाईक निघून गेले.

“हबीबी, मोती अंगावर वागवावा लागतो, पेटीत तो मरतो,” जासिम कळवळला. “निदान बायकोच्या गळ्यात तरी घालायचास!”

“ती गेल्या रमजानात गेली,” फडक्याची गाठ पुन्हा मारत दाऊद म्हणाला. “तिलाही असंच ठेवलं होतं. भाव येईपर्यंत.”